शंभर रुपयांचं वचन

रविवारी रात्री साडेदहा वाजता मावशीच्या नालासोपाऱ्यातल्या घरात, ओट्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप ठेवून मी तिचा फॉर्म भरत होतो. ती खाली बसून दुसऱ्या दिवशीसाठी वाटाणे सोलत होती. नाव, पत्ता, आधार, फोटो, धंद्याचा प्रकार असं सगळं भरून झालं. शेवटच्या पानावर एक चौकोन आला आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर. मी चौकोनात टिक केली, यूपीआयने शंभर रुपये भरले आणि म्हटलं, ‘झालं मावशी.’

‘एवढ्यात? शेवटी काय लिहिलं होतं?’

‘काही नाही गं, नेहमीचंच. डिक्लरेशन.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तू सगळे नियम पाळतेस, असं.’

‘कुठले नियम?’

मला सांगता येईना. मी ते वाचलेच नव्हते. रोज कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये ‘मी सहमत आहे’ दाबतो, तसंच हेही दाबलं होतं. मावशी वाटाणे सोलायची थांबली नाही, पण म्हणाली, ‘नाव माझं घातलंस ना? मग मला वाचून दाखव.’

हा लेख त्या टिकबद्दल आहे.

*

मावशी नऊ वर्षं चपात्या विकते. सुरुवात शेजारच्या एका नोकरी करणाऱ्या बाईपासून झाली: ‘दहा चपात्या जास्तीच्या लाटाल का?’ मग मजला, मग इमारत, मग पलीकडची इमारत. संध्याकाळची विरार फास्ट आली की स्टेशनवरून परस्पर येऊन डबा नेणारी माणसं वाढली. घडीच्या चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, बुधवारी वालाचं बिरडं, मागणी असेल तर तांदळाची भाकरी. इंग्रजीत ज्याला टेकअवे म्हणतात ते आपल्याकडे पोळी-भाजी केंद्र म्हणून कधीपासून आहे. मावशीकडे फक्त पाटी नव्हती. आणि कागदही नव्हता.

२०२५ च्या दिवाळीनंतर तिने ठरवलं की आता स्टेशनजवळ गाळा घ्यायचा. काकांची कंपनी बंद पडली होती आणि मदतीला येणाऱ्या दोघी बायकांना तिने पूर्ण दिवसाचं काम देण्याचा शब्द दिला होता. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात ‘कॉम्प्युटरवाला’ मी.

इंजिनिअर करतो तेच मी केलं, एक्सेलमध्ये यादी केली. पहिला कागद अन्नसुरक्षेचा. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याप्रमाणे खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला हा लागतो, घरातून विकणाऱ्यालाही. तेव्हाच्या नियमांप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी लागायची, फी वर्षाला १०० रुपये. त्यावर गेलात तर परवाना. दुसरा दुकानाचा, ज्याला लोक अजून ‘गुमास्ता’च म्हणतात. तिसरा महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना. चौथं अग्निशमन दलाचं ना-हरकत. पाचवा सिलिंडर: धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिकच लागतो, घरगुती १४.२ किलोचा वापरणं गुन्हा. आणि या सगळ्यांच्या मुळाशी जागेचा कागद, म्हणजे गाळा ज्या इमारतीत आहे तिचं भोगवटा प्रमाणपत्र. ओसी. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या कुणालाही या शेवटच्या ओळीपाशी थोडं गप्प व्हायला होतं. त्याबद्दल पुढे.

यादी करताना मला वाटत होतं की हा सगळा एकच प्रकार आहे: सरकारकडे जायचं, हात जोडायचे, परवानगी मागायची. कायदे उघडून पाहिल्यावर दिसलं की शब्द वेगवेगळे आहेत. मोठ्या धंद्याला ‘परवाना’ घ्यावा लागतो. मावशीसारखीला ‘नोंदणी’ करावी लागते. नोंदणीच्या २०११ च्या नियमांत तर असंही आहे की अर्ज केल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत ना होकार दिला, ना नकार, ना तपासणीची नोटीस, तर लहान व्यावसायिकाने धंदा सुरू करायला हरकत नाही. आणि दुकानांच्या २०१७ च्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीतूनही मोकळं केलं. त्यांनी फक्त ‘सूचना’ द्यायची.

परवाना, नोंदणी, सूचना. यात सरकारची भूमिका पायरीपायरीने मागे सरकते. परवान्यात तुम्ही विचारता, नोंदणीत ओळख देता, सूचनेत नुसतं कळवता. आणि ते बरोबरही आहे. धंदा करणं ही सरकारची मेहेरबानी नाही. राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) ने तो हक्क आधीच दिलेला आहे. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या फेरीवाल्याचा धंदाही या हक्कात येतो असं म्हटलं, आणि त्यावर जनहितासाठी वाजवी बंधनं घालता येतात असंही म्हटलं. म्हणजे हक्क आधी, बंधन नंतर.

पण सरकार मागे सरकलं की मधली जागा कुणी भरायची? इन्स्पेक्टर येऊन भिंती बघायचा, मग कागद मिळायचा, तेव्हा स्वयंपाकघर स्वच्छ आहे की नाही ही जबाबदारी निदान अर्धी तरी त्याच्या सहीवर होती. आता ती जागा त्या चौकोनाने घेतली आहे. कागद जितका सोपा झाला, तितका त्याचा भार सही करणाऱ्याकडे आला. आणि मी तो भार मावशीच्या वतीने एका सेकंदात उचलला होता, न वाचता.

*

माझ्या बाजूने थोडं बोलू द्या. ‘मी सहमत आहे’ या चौकोनाचं नैतिक वजन किती? मी स्वतः असे चौकोन बनवतो. माझ्या कामाचा तो भाग आहे. ते कुणी वाचत नाही हे आम्हाला ठाऊक असतं. जे न वाचता दाबलं, आणि ज्याला नाही म्हणायची सोयच नव्हती, त्याला संमती म्हणायचं का?

हा प्रश्न जुना आहे. तुम्ही राज्यात राहता म्हणजे त्याचे कायदे तुम्हाला मूकपणे मान्य आहेत, असं काही तत्त्वज्ञ म्हणत. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये त्यावर उलटा प्रश्न विचारला. एका माणसाला झोपेत असताना जहाजावर आणून ठेवलं. जाग आली तेव्हा चारी बाजूंना समुद्र. आता तो उडी मारत नाही, म्हणून त्याला कप्तानाची सत्ता मान्य आहे असं म्हणायचं का? गरीब शेतकऱ्याला ना परदेशाची भाषा येते ना त्याच्याकडे पैसे असतात. तो देश सोडत नाही म्हणजे त्याने संमती दिली, हे म्हणणं ह्यूमला तितकंच पोकळ वाटत होतं.

विरारला राहणाऱ्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. आपल्यातले किती जण इथे निवड करून आले? मुंबईत परवडेना म्हणून बोरिवली, तिथे परवडेना म्हणून मीरा रोड, तिथेही नाही म्हणून खाडी ओलांडून नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. जाग आली तेव्हा जहाजावर होतो. मग या जहाजाच्या प्रत्येक कागदावर माझी ‘संमती’ आहे असं मला कुणी का ऐकवावं?

हे मी मावशीला थोडं सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, ‘ते तुझं आणि सरकारचं. मी सही कुणासाठी केली ते सांग.’

तेव्हा नाही, पण नंतर लोकलमध्ये उभा असताना मला तिचं म्हणणं कळलं. मी कप्तानाचं काही देणं लागतो का, हा ह्यूमचा प्रश्न. पण त्याच जहाजावर मी चपात्या विकत असेन, तर त्या विकत घेणाऱ्या सहप्रवाशाचं मी काय देणं लागतो, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर ‘काहीच नाही’ आलं, तरी दुसऱ्याचं उत्तर तसं येत नाही. त्या चौकोनाचा कागद सरकारचा होता, पण त्यातलं वचन खाणाऱ्याला दिलेलं होतं.

*

आम्ही ते वाचायला बसलो. २०११ च्या नियमांना परिशिष्ट चार जोडलेलं आहे. लहान व्यावसायिकाने स्वच्छतेबद्दल काय करायचं ते त्यात आहे. मी वाचत होतो, मावशी उत्तरं देत होती.

जमीन आणि भिंती गरजेप्रमाणे धुवायच्या. ‘धुते.’ खिडक्यांना जाळी. ‘एकीला आहे. दुसरीची फाटलीये.’ नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. ‘हो.’ हाताला कापलं असेल तर झाकून ठेवायचं. ‘हो.’ संसर्गाचा आजार असलेल्याने काम करायचं नाही. इथे ती थांबली. मदतीला येणारी एक बाई मागच्या पावसाळ्यात ताप असताना आली होती, कारण न आल्यास पैसे बुडतात. ‘तिला आजारपणाची सुट्टी द्यावी लागेल,’ मावशी म्हणाली. ‘पगारी.’ सरकारी नियमातून पगारी रजा निघाली, हे मला अपेक्षित नव्हतं.

पितळ-तांब्याच्या भांड्यांना आतून लेप हवा. मी अडखळत भाषांतर केलं तशी ती हसली. ‘कल्हई म्हण ना. हे माझ्या सासूने सांगितलं होतं.’ मग पाणी. पिण्यायोग्य हवं आणि गरज असेल तेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यायला हवं. त्यांच्या इमारतीत आठवड्यातले काही दिवस टँकर येतो. टँकर कुठून भरून येतो हे कुणी कधी विचारलेलं नाही. कणीक त्याच पाण्यात भिजते.

म्हणजे माझी टिक दोन-तीन ठिकाणी खोटी होती. फार मोठी नाही. जाळी, ताप, पाणी. पण खोटी.

इथे तुम्ही विचाराल, आणि मीही विचारलं होतं: नऊ वर्षांत कुणी आजारी पडलं का? नाही. उलट माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट विषबाधा मला भिंतीवर फ्रेम केलेला परवाना लावलेल्या एका हॉटेलात झाली. मग कागदाची किंमत काय? मावशीचे हात हाच तिचा परवाना नाही का?

याचं उत्तर मला माझ्याच कामात सापडलं. पायथॉन शिकताना एक सवय लागते: फाईल आहे की नाही हे आधी तपासत बसू नका, सरळ उघडा, नसेल तर चूक पकडा आणि पुढे जा. आधी परवानगी नको, नंतर माफी पुरे. ही पद्धत चालते, कारण चूक झाली की ती आमच्यापर्यंत पोहोचते. लॉगमध्ये ओळ पडते, आम्ही आधीच्या आवृत्तीवर परत जातो. अन्नाच्या धंद्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. खाल्लेला घास मागे घेता येत नाही, हे उघड आहे. पण चूक कळतही नाही, हे लवकर लक्षात येत नाही.

शिजवलेल्या भाताचं घ्या. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू तांदळात असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. तो खाऊन एखाद्याला रात्री उलट्या झाल्या, तर तो गाडीतल्या गर्दीला दोष देईल, उन्हाला देईल, मावशीला येऊन सांगणार नाही. शेजारीण सांगते. ‘काल भाजी जरा आंबल्यासारखी होती हो,’ असं ती जिन्यात भेटल्यावर म्हणते. नऊ वर्षं मावशीचा धंदा त्या जिन्यातल्या वाक्यावर सुधारत आला.

स्टेशनजवळच्या गाळ्यात जिना नाही. तिथे पिशवी घेऊन सात बावीसच्या गर्दीतून निघून जाणारा माणूस आहे. त्याला मावशीचा ओटा दिसत नाही, मावशीला त्याचं पोट कळत नाही. ओळख संपते तिथे कागदाचं काम सुरू होतं. ‘कुणी आजारी पडलं नाही’ याचा अर्थ ‘कुणी सांगायला आलं नाही’ इतकाच असू शकतो, हे मान्य करून आधीच दिलेला शब्द म्हणजे ती नोंदणी. फ्रेममधल्या परवान्याने मला वाचवलं नाही, कारण तिथे कागद होता आणि शब्द नव्हता. मावशीकडे बराचसा शब्द होता, कागद नव्हता. अनोळखी माणसाला दोन्ही लागतात.

*

मग गाळा. स्टेशनपासून चार मिनिटांवर एक मिळत होता, भाडं आमच्या आवाक्यातलं. ओसी विचारल्यावर मालकाने घरपट्टीची पावती दाखवली. पावतीवर कराबरोबर शास्तीची रक्कम होती. महापालिका कायद्याचं कलम २६७अ अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराव्यतिरिक्त शास्ती लावतं, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही हेही तिथेच सांगतं. म्हणजे जो कागद मालक अभिमानाने दाखवत होता, तोच सांगत होता की ही इमारत अधिकृत नाही.

मालकासोबत एक एजंट होता. अन्नाचं, दुकानाचं, आगीचं, सगळं मिळून पंधरा हजार. ‘कागद मी बघतो, तुम्ही चपात्या लाटा,’ तो म्हणाला. गल्लीत ओळीने दुकानं चालू होती. म्हणजे चालतंच.

कागद खोटा निघाला की काय होतं हे आमच्या शहराला कुणी शिकवायला नको. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीस त्या पाडायला सुरुवात झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला ते काम संपलं. तिथल्या माणसांनी घरं घेताना कागद पाहिले होते. कागद बनावट होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारमध्ये एका अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला आणि १७ जण गेले. आणि आग म्हटली की २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलमधल्या उपाहारगृहात लागलेली आग आठवते, १४ जणांचा जीव घेणारी.

मावशीने गाळ्याच्या छताकडे पाहिलं. वर दोन-तीन मजले, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. ती म्हणाली, ‘माझ्या चार शेगड्या पेटणार आणि वर पोरं झोपलेली असणार.’ एवढंच. गाळा घेतला नाही.

ओसी असलेल्या इमारतीतला गाळा दुप्पट भाड्याचा आणि स्टेशनपासून लांब. तो अजून जमलेला नाही. दोघी बायका अजून अर्ध्या दिवसावरच आहेत. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, ‘सगळे चालवतात की त्या गल्लीत, मावशींनाच काय झालं?’ तिचा प्रश्न चुकीचा नाही. नियम पाळायची किंमत आम्ही दिली असं मी म्हणतो, पण खरं तर ती तिने दिली, तिला न विचारता. ज्या शहरात वैध जागाच इतकी महाग आहे, तिथे ‘कायदा पाळा’ हा उपदेश ज्याच्याकडे थोडे जास्त पैसे आहेत त्यालाच परवडतो. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. ते एकट्या मावशीने देण्याचं उत्तरही नाही. परवडणारे अधिकृत गाळे, वेळेवर होणारी तपासणी, टँकरच्या पाण्याचा हिशेब हे ज्यांचं काम आहे त्यांनी ते देणं आहे. पण त्यांनी आपला शब्द पाळला नाही म्हणून सात बावीसच्या प्रवाशाला दिलेला मावशीचा शब्द रद्द होत नाही. त्या प्रवाशाने काय केलं होतं?

आणि एक गोष्ट, जी लिहिली नाही तर हा लेखही न वाचता केलेल्या टिकसारखाच होईल. मी राहतो त्या इमारतीला ओसी नाही. बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हा ‘येईल सहा महिन्यांत’ असं सांगितलं होतं. त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली. त्या संध्याकाळी गाळ्याला नकार देऊन मी याच घरात येऊन झोपलो. इथे मी ह्यूमचा झोपलेला प्रवासी आहे, आणि त्या दाखल्याचा मला आधारही वाटतो. फक्त आता तो कुठे लागू होतो आणि कुठे नाही, हे मला कळतं. जिथे मला दुसरी वाट नव्हती, तिथे मी माझी अडचण सांगू शकतो. जिथे दुसरा माणूस माझ्यावर विसंबून आहे, तिथे ती सांगता येत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी ओसीचा विषय मांडणार आहे. अध्यक्षकाकांना तो आवडणार नाही.

मावशीची नोंदणी आठवड्याने आली, १४ आकडी क्रमांकासह. नोंदणी दर्शनी भागात लावायची असते म्हणून ती दाराशी लावली. परिशिष्टातले नियम मी मराठीत लिहून काढले होते. ते तिने आत, ओट्यासमोर चिकटवले. दुसऱ्या खिडकीला जाळी बसली. पाण्याचा नमुना तपासायला दिला आहे. अहवाल यायचा आहे, आणि तो येईपर्यंत कणकेचं पाणी उकळून गार केलेलं असतं. त्यासाठी तिला सकाळी अर्धा तास लवकर उठावं लागतं.